जहाजाने मासेमारी बोटीला धडक दिल्यास भरपाईचा दावा: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमके कुठे अडकतात

मोठ्या जहाजाची धडक बसून बोट बुडाली, जाळी तुटून गेली किंवा खलाशी दगावला, की बहुतेक घरांतून एकच अर्ज लिहिला जातो. तो मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात देऊन पोच घेतली जाते आणि मग वाट पाहणं सुरू होतं. वर्षभराने उत्तर येतं: "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही." उत्तर बरोबरच असतं, पण ते पहिल्याच दिवशी सांगायला कुणाची हरकत होती?

म्हणून आधी हे ध्यानात घ्या, की दावे तीन असतात आणि ते तीन वेगळ्या ठिकाणी जातात. जहाजमालकाकडून भरपाई हवी असेल तर ॲडमिरल्टी दावा, म्हणजे जहाजांबाबतचा दिवाणी दावा, उच्च न्यायालयात करावा लागतो. बोटीचा विमा असेल तर तो दावा विमा कंपनीकडे जातो. खलाशाच्या मृत्यूचा किंवा अपंगत्वाचा गट अपघात विमा प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली असतो आणि तेवढाच दावा मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून पुढे जातो. त्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि अपघाती दवाखान्याच्या खर्चाला 25 हजारांपर्यंत मिळतात. वयाची अट 18 ते 70 आहे. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, पण खलाशाचं नाव विम्याच्या यादीत असावं लागतं. परजिल्ह्यातून किंवा परराज्यातून आलेल्या खलाशांची नावं गळतात ती इथेच.

दावा कोण करू शकतो

बोटीचा मालक, जखमी तांडेल (बोटीचा कप्तान) किंवा खलाशी आणि मृताचे वारस, हे सगळे आपापला दावा करू शकतात. मालकाने केला म्हणून खलाशाचा दावा होत नाही, हे मालकांनीही लक्षात ठेवायला हवं.

मालकीचा घोळ मात्र फार जुना आहे. बोट चालवतो मुलगा, परवान्याचं नूतनीकरण करतो मुलगा आणि नोंदणी प्रमाणपत्रावर नाव असतं आठ वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचं. समुद्रात जाताना हे कुणी विचारत नाही, पण दाव्यात समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न हाच असतो. तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यासाठी असते, बोटीसाठी ती दाखवून भागत नाही. दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र काढा आणि भाऊ-बहिणी असतील तर सगळ्यांना दाव्यात घ्या. बोट शाबूत असतानाच नोंदणी स्वतःच्या नावावर करून घेणं कितीतरी स्वस्त पडतं.

पहिले दोन दिवस

जहाजाची ओळख पटली नाही तर पुढचं काही वाचायची गरज नाही. आणि ओळख पटवण्याचा वेळ तासांत मोजावा लागतो. 14 नॉट वेगाचं जहाज 48 तासांत साडेसहाशेहून जास्त सागरी मैल जातं, म्हणजे राज्याच्या पाण्याबाहेर आणि बहुधा देशाबाहेरही.

तटरक्षक दलाला 1554 वर आणि सागरी पोलिसांना 1093 वर फोन, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल 16 वर हाक. जीव वाचवणं पहिलं, हे सांगायला नको. पण हाक देताना अक्षांश-रेखांश आणि घड्याळातली वेळ बोला. जीपीएसवर धडकेची जागा तिथल्या तिथे मार्क करा. "वर्सोव्यापासून पश्चिमेला पाच-सहा तास" असं लिहिलेल्या जबाबावरून कुठलंच जहाज शोधता येत नाही.

नाव वाचता आलं तर उत्तम. ते नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना आणि मागे असतं, मागे त्याखाली नोंदणीचं बंदरही लिहिलेलं असतं. त्याहून महत्त्वाचा सात आकडी आयएमओ क्रमांक. जहाज विकलं की नाव बदलतं, झेंडा बदलतो, हा क्रमांक बदलत नाही. अंधारात यातलं काहीच दिसलं नाही, तर निदान जहाजाचा प्रकार, दिव्यांची मांडणी आणि तोंड कुठल्या दिशेला होतं एवढं तरी लगेच कागदावर उतरवून ठेवा.

नाव दिसलं नाही म्हणून लोक हात टेकतात, ते चूक आहे. चालतं जहाज एआयएसवर, म्हणजे ओळख आणि जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेवर, काही सेकंदांच्या अंतराने आपली जागा प्रसारित करत असतं आणि किनाऱ्यावरची साखळी ते टिपते. ही साखळी दीपगृह व दीपनौका महासंचालनालयाची आहे. वेळ आणि जागा पक्की असेल तर त्या भागातून गेलेली जहाजं मोजकी निघतात. 1 मार्च 2012 ला केरळमध्ये आलप्पुझाच्या किनाऱ्याजवळ मासेमारी बोटीला धडक बसून पाच जण गेले, तेव्हा धडक दिल्याचा आरोप असलेलं 'प्रभू दया' हे जहाज पुढे चेन्नई बंदरात मिळालं.

धडकेच्याच दिवशी नौवहन महासंचालनालयाला, मुंबईच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटला आणि तटरक्षक दलाला ईमेल पाठवा. मागणी एकच: एआयएसची नोंद आणि जहाजाच्या व्हीडीआरमधली नोंद जपून ठेवा. व्हीडीआर म्हणजे जहाजाचा ब्लॅक बॉक्स. त्यात ब्रिजवरचा, म्हणजे जहाज हाकण्याच्या खोलीतला आवाज, रडार, वेग, दिशा सगळं असतं, पण नोंद स्वतःवरच पुन्हा लिहिली जाते. जुन्या यंत्रांत ती 12 तासांची होती. नव्या यंत्रांत बाहेरच्या पेट्यांमध्ये 48 तास आणि आतल्या साठ्यात 30 दिवस राहते. तीन महिन्यांनी केलेल्या सुंदर अर्जाला म्हणून काही अर्थ उरत नाही.

सरकारने बसवून दिलेला इस्रोचा ट्रान्सपाँडर बोटीवर असेल तर बोटीच्या जागेची नोंद तिथून मागता येते. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमधून या योजनेची सुरुवात झाली. पण तो उपग्रहाशी बोलतो, समोरून येणाऱ्या जहाजाच्या पडद्यावर तुमची बोट तो दाखवत नाही. त्याच्या भरवशावर रात्री पहारा सोडू नका.

आणि एक कळकळीची विनंती. तुटलेली फळी, घासलेला फायबर, वाकलेली रेलिंग फेकू नका, धुऊ नका, लगेच दुरुस्तीला टाकू नका. जहाजाचा रंग त्यावर लागलेला असतो आणि तो प्रयोगशाळेत जुळवता येतो. पोलिसांकडून पंचनामा करून तो तुकडा जप्त करून घ्या. बोट दुरुस्त करायची घाई समजते, हंगाम बुडतोय. तरी आधी पंचनामा.

फिर्याद

"आमची हद्द नाही" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 2023 च्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. बेदरकारपणे जहाज हाकल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 282 आहे, निष्काळजीपणे मृत्यू झाला असेल तर कलम 106. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या पुढे धडक झाली आणि जहाज परदेशी झेंड्याचं असलं, तर कप्तानावर इथे खटला चालेल का, हा वेगळा वाद आहे. त्याने भरपाईचा दिवाणी दावा अडत नाही, पण पोलीस ठाण्यात या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते आणि माणूस हात हलवत परत येतो.

फिर्यादीत "अपघात झाला" एवढंच लिहून घेऊ नका. तुमची बोट थांबलेली होती की चालत होती, जाळी पाण्यात होती का, कुठले दिवे लागले होते, पहाऱ्यावर कोण होतं, हे सगळं आलं पाहिजे. नंतर सुचलेल्या गोष्टीवर कोर्टाचा फारसा विश्वास बसत नाही.

कागद

नोंदणी प्रमाणपत्र, चालू मासेमारी परवाना, विमा पॉलिसी, खलाशांची ओळखपत्रं, बँक पासबुक, जखमींचे दवाखान्याचे कागद, मृत्यू असल्यास शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला: हे नेहमीचं. बोट निघताना बंदरावर दिलेल्या खलाशांच्या यादीची प्रत घ्या. यादीत सात आणि बोटीत नऊ असतील, तर त्या दोघांच्या घरच्यांचे हाल होतात. तारीखही बघा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी बोटींना बंदी असते, त्या काळातली धडक असेल तर विमा कंपनी पहिली हरकत तिथेच घेते.

खरी अडचण जाळ्यांची. लाखांची जाळी पाण्यात जाते आणि बिल एकाचंही नसतं, कारण थोडी जाळी विकत घेतलेली, थोडी घरी विणलेली, थोडी मागच्या बोटीवरून उतरवलेली. कोऱ्या कागदावर "जाळी 12 लाख" लिहून सही केली की दावा कमजोर झालाच. त्यापेक्षा मच्छीमार संस्थेच्या दुकानाचा खरेदी उतारा, दोर-जाळ्याच्या व्यापाऱ्याकडून त्याच्या वहीच्या आधारे दाखला, कर्जाच्या फाइलमधलं साहित्याचं मूल्यांकन आणि बोटीचे जुने फोटो जमवा. बुडालेल्या उत्पन्नासाठी लिलावाच्या पट्ट्या, बर्फाची बिलं आणि डिझेल परताव्याची संस्थेतली नोंद लावा. डिझेलची नोंद लोकांना सुचतच नाही, पण बोट महिन्यातून किती फेऱ्या मारत होती हे तिच्याइतकं स्वच्छ कुठलाच कागद सांगत नाही. मोबाइलवरचे स्क्रीनशॉट देणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत हवं.

माणूस सापडलाच नाही, तर मृत्यूचा दाखला मिळत नाही आणि खिडकीवरून सांगतात, "सात वर्षांनी या." सात वर्षांचं कलम गृहीतकाचं आहे: इतकी वर्षं खबर नसेल तर माणूस मृत धरतात. त्याआधी पुराव्याने मृत्यू सिद्ध करायला ते मनाई करत नाही. वाचलेल्या खलाशांचे जबाब, तटरक्षक दलाने शोध घेतल्याचं आणि थांबवल्याचं पत्र आणि पोलिसांचा अहवाल घेऊन दिवाणी न्यायालयाकडून घोषणा मागता येते. शोध थांबल्याचं पत्र मागून घ्यावं लागतं, आपणहून कुणी पाठवत नाही.

मुदत

"तीन वर्षं आहेत" हे बंदरावर सगळ्यांना माहीत असतं आणि त्यानेच घात होतो. नुकसानीच्या साध्या दाव्याला तीन वर्षं आहेत, हे खरं. मृताच्या वारसांचा 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याखालचा दावा मात्र मृत्यूपासून दोन वर्षांत करावा लागतो. आणि जहाजावरचा सागरी बोजा, म्हणजे जहाज विकलं गेलं तरी त्याच्या मागे जाणारा तुमचा हक्क, एका वर्षात संपतो. 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्याचं कलम 9 बघा. ते वर्ष संपण्याआधी जहाज अटकेत घ्यावं लागतं. नोटीस, स्मरणपत्र, मंत्र्यांना निवेदन, कशानेही ते थांबत नाही.

अटक म्हणजे न्यायालयाच्या हुकुमाने जहाज बंदरात रोखणं. त्यासाठी जहाज त्या उच्च न्यायालयाच्या हद्दीतल्या पाण्यात असावं लागतं. जेएनपीएला (न्हावा शेवा बंदरात) असेल तर मुंबई उच्च न्यायालय, मुंद्र्याला गेलं तर गुजरात. तेच जहाज परत येत नसेल, तर त्याच मालकाचं दुसरं जहाज रोखण्याची सोय कलम 5 मध्ये आहे. अटक चुकीची ठरली तर नुकसान भरून देण्याची हमी अर्जदाराला द्यावी लागते, ही अट वकिलाकडून आधी समजून घ्या.

आपलीही चूक निघते तेव्हा

चूक दोघांची निघाली तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. जाळी टाकलेल्या बोटीला यांत्रिक जहाजाने वाट द्यायची, हा नियम खरा, पण तुम्ही मासेमारी करताय हे दिसलं पाहिजे. ट्रॉलिंग करताना (जाळं ओढत चालताना) पांढऱ्यावर हिरवा दिवा, इतर जाळ्यांना पांढऱ्यावर लाल, आणि दिवसा टोकाला टोक जोडलेले दोन शंकू. मासळी निवडायला लावलेल्या झगझगीत एलईडीत हे दिवे बुडून जातात, रंगीत माळांनी तर गोंधळच होतो. जाळी वर घेऊन घरी निघालात की हा मान संपला, तेव्हा मासेमारीचे दिवे बंद करा. आणि बंदराच्या अरुंद चॅनलमध्ये मासेमारी करणाऱ्या बोटीने जहाजाची वाट अडवायची नाही, तिथे नियम उलटा फिरतो. तरी चॅनलमध्ये होतो म्हणून दावाच नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहारा ठेवणं जहाजालाही बंधनकारक आहे.

सही करण्याआधी

जहाज अडकलं की मालकाच्या विमा क्लबचा, म्हणजे जहाजमालकांच्या विमा संस्थेचा, प्रतिनिधी येतो. माणूस सहसा सभ्य असतो आणि रोख रक्कमही पुढे ठेवतो. त्या पावतीवर "संपूर्ण व अंतिम" असे शब्द असतील तर पुढचे सगळे दावे तिथेच मिटतात. बोटीचा विमा असेल तर विमा कंपनीला न विचारता केलेल्या तडजोडीने तिकडचाही पैसा अडकतो, कारण तुम्हाला पैसे दिल्यावर जहाजमालकाकडून वसूल करायचा हक्क कंपनीचा असतो.

वकील परवडत नाही म्हणून लोक सह्या करतात. मृताच्या पत्नीला आणि अल्पवयीन मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे. अर्ज उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे करायचा, जिल्हा प्राधिकरणाकडे दिला तरी तिकडे पाठवतात. अर्जाच्या पहिल्या ओळीत जहाजाचं नाव आणि ते सध्या कुठल्या बंदरात आहे ते लिहा, म्हणजे फाइल उचलणाऱ्याला घाई कशाची आहे ते कळेल.