मागच्या सीटा काढा, पण बोल्ट गाडीतच ठेवा

आंब्याच्या दिवसांत जुन्या स्कॉर्पिओ, बोलेरो, सुमोच्या मागच्या समोरासमोरच्या सीटा निघतात आणि तिथे पेट्या लागतात. गणपतीला मुंबईकर यायच्या आत त्याच सीटा परत बसवायच्या असतात. काम अर्ध्या तासाचं. तरी श्रावणात त्यालाच दोन-तीन तास लागतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: सीट काढली, बोल्ट कुठल्याशा डब्यात टाकले, भोकं उघडी राहिली.

बोल्ट ज्या नटात बसतो तो पत्र्याला खालून वेल्ड केलेला असतो. त्याला पाना लागत नाही. भोक उघडं असलं की चाकाने उडवलेला चिखल खालून आणि ओल्या मॅटचं पाणी वरून आट्यांत बसतं. त्यात आपल्याकडची खारी हवा. पाच महिन्यांनी त्यात बोल्ट रेटून फिरवला की एक तर आटे जातात, नाहीतर वेल्ड सुटून नट बोल्टाबरोबर गरगर फिरतो. आटे खराब झाले तर टॅप मारून, म्हणजे आटे पुन्हा पाडून, बहुतेकदा भागतं. नट सुटला तर मॅट उचला, गाडी वर घ्या, खाली डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग कुठून जातंय ते पाहा, आणि मगच वेल्डिंग. या कामाचे पैसे आम्ही गॅरेजात वेगळे घेतो ते एवढ्यासाठीच.

उपाय फुकटचा आहे. सीट काढली की तेच बोल्ट, वायसरसकट, थोडं ग्रीस लावून त्याच भोकांत परत लावा. आटे शाबूत राहतात, बोल्ट हरवत नाहीत, धूळ आणि सायलेन्सरचा धूर भोकातून आत येत नाही. बोल्टाचं डोकं पेटीला लागत असेल तर वर जुन्या ट्यूबचा तुकडा टाका. बसवताना ग्रीस पुसून घ्या.

घरीच काढणार असाल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारा, जमलं तर खालूनही. सहाकोनी गोटी पानाच वापरा. बाराकोनीने गंजलेलं डोकं गोल होतं. बोल्ट अडला तर अर्धा फेरा मागे घ्या, परत तेल, परत पुढे. दांड्याला पाइप घालून जोर लावू नका. नट सुटतो तो तिथेच.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे लावून घ्या, मग आलटून पालटून आवळा. पहिलाच पूर्ण आवळला की शेवटचं भोक जुळत नाही, आणि मग तो तिरका घुसवला जातो.

सीट बेल्टचा बोल्ट मात्र वेगळा ओळखून ठेवा. बहुतेक गाड्यांत तो ७/१६ इंचाचा, इंचाला २० आट्यांचा असतो. सीटचे बोल्ट मिलिमीटरमधले, ८ किंवा १० चे. बेल्टच्या भोकात १० चा बोल्ट आत जातो, बसल्यासारखाही वाटतो, पण त्याचे आटे जेमतेम टेकलेले असतात. एरवी कळत नाही. जोराचा ब्रेक लागला की तो उपटून येईल. मूळ बोल्ट हरवला असेल तर त्याच मापाचा आमच्याकडे सुटा मिळतो, दुसरा काही लावू नका.

‘आणखी दोन सीटा टाकून द्या’ असंही बरेच जण म्हणतात. आरसी बुकावर ड्रायव्हर धरून जेवढी माणसं लिहिली आहेत, त्यापुढे आम्ही बसवत नाही. परवानगीशिवाय गाडीत असा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली दर बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय जिथे कंपनीचा नट नाही तिथे नुसत्या पत्र्याला भोक पाडून बसवलेली सीट धक्क्याला पत्रा फाडून वर येते. यावर गिऱ्हाईक नाराज होऊन जातं, जाऊ द्यावं लागतं.

आमच्याकडे सीट काढली तर बोल्ट परत लावणं, आटे साफ करणं मजुरीतच धरलेलं असतं. सीटा ठेवायला घरी जागा नसेल तर गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून आम्ही ठेवतो, उंदरांपासून उंच फळीवर. गणपतीच्या आदल्या आठवड्यात रांग लागते, तेव्हा गाडी पंधरा दिवस आधी आणा.