नागरी हक्क चळवळीची ऑनलाइन दप्तरे (अमेरिका)

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी वंशभेदाच्या कायद्यांविरुद्ध दिलेल्या लढ्याची मूळ कागदपत्रे, छायाचित्रे, बातमीपट आणि मुलाखती इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतील असे संग्रह. या लढ्याचा मुख्य काळ १९५४ ते १९६८, म्हणजे शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या निकालापासून मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येपर्यंत, असा धरण्याचा प्रघात आहे. विद्यापीठे, सरकारी अभिलेखागारे आणि चळवळीतले जुने कार्यकर्ते यांनी हे संग्रह उभे केले. पेशवे दप्तरात बसलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते : कागद कोणी लिहिला आणि कोणी जपला, हे आधी विचारावे. इथेही तेच लागू पडते.

सर्वांत विलक्षण दप्तर आहे ते हेरांचे. शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरल्यावर मिसिसिपी राज्याने १९५६ मध्ये ‘सॉव्हरिन्टी कमिशन’ काढले. नाव सार्वभौमत्वाचे, काम पाळतीचे. मतदार नोंदणीसाठी कोण फिरतो, बाहेरगावचे कार्यकर्ते कोणाकडे उतरतात, असली टिपणे सरकारी खर्चाने जमत गेली. १९७३ मध्ये गव्हर्नरांनी त्याचा पैसा अडवला. १९७७ मध्ये कमिशन मोडीत काढताना विधिमंडळाने फायली ५० वर्षे सीलबंद ठेवण्याचे ठरवले. नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने लगेच दावा लावला आणि तो दोन दशके रेंगाळला. अखेर १७ मार्च १९९८ रोजी दप्तर उघडले. २००२ पासून राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्याची १,३२,००० हून अधिक पाने वाचता येतात. त्यात सुमारे ८७,००० नावे आहेत. नाव टाकून शोध घेता येत असल्याने आपल्या आजोबांवर पाळत होती का, हे मिसिसिपीतला कोणीही घरबसल्या पाहू शकतो.

या फायलींत क्लाइड केनार्ड भेटतात. कोरियन युद्धात लढून आलेल्या या शेतकऱ्याने हॅटिसबर्गच्या गोऱ्यांच्या कॉलेजात प्रवेश मागितला. कमिशनने त्यांच्या मागे माणसे लावली. १९६० मध्ये २५ डॉलरच्या कोंबडीखाद्याच्या चोरीत त्यांना गोवून सात वर्षांची शिक्षा झाली. कर्करोगाने जर्जर झाल्यावर सुटका मिळाली आणि ४ जुलै १९६३ रोजी ते वारले. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले ते २००६ मध्ये. दुसरे प्रकरण मिसिसिपीतले चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांच्या १९६३ मधील हत्येचे. त्यांच्या मारेकऱ्यावर १९६४ मध्ये दुसऱ्यांदा खटला चालला, तेव्हा कमिशनने ज्युरींची माहिती काढून बचाव पक्षाला पुरवली होती. सीलबंद फायलींतली ही गोष्ट १९८९ मध्ये जॅक्सनच्या ‘क्लॅरिअन-लेजर’ दैनिकाने छापली, खटला पुन्हा उभा राहिला आणि १९९४ मध्ये बायरन डी ला बेकविथला जन्मठेप झाली. तरीही ही पाने जपूनच वाचावीत. पगारी खबऱ्याला दर आठवड्याला काहीतरी आणून द्यावेच लागते.

योगायोग असा की, एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने किंग यांची चोरून केलेली ध्वनिमुद्रणेही १९७७ मध्येच न्यायालयाच्या आदेशाने ५० वर्षांसाठी बंद झाली.

कार्यकर्त्यांच्या बाजूचे कागद वेगळ्याच वाटेने टिकले. ‘स्निक’ ही विद्यार्थी संघटना ज्येष्ठ कार्यकर्त्या एला बेकर यांच्या पुढाकाराने एप्रिल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील शॉ विद्यापीठात जन्मली. तिच्या जुन्या सभासदांनी ड्यूक विद्यापीठाला सोबत घेऊन २०१६ मध्ये ‘स्निक डिजिटल गेटवे’ हे संकेतस्थळ उभे केले. प्राध्यापकांनी प्रश्न विचारायचे आणि कार्यकर्त्यांनी आठवणी सांगायच्या, ही नेहमीची वाटणी इथे मोडली. काय सांगायचे आणि कसे, हे ठरवण्यात कार्यकर्तेही बसले. त्यामुळे इथला इतिहास भाषणांपेक्षा गावोगावच्या संघटनबांधणीचा आहे. ‘सिव्हिल राइट्स मूव्हमेंट आर्काइव्ह’ तर १९९९ पासून कार्यकर्त्यांनीच चालवले. दिसायला साधे, जुन्या वळणाचे. पण पत्रके, क्षेत्र-अहवाल, तुरुंगातली पत्रे यांचा साठा तिथे प्रचंड आहे. चळवळीला ही मंडळी ‘दक्षिणेची मुक्ती चळवळ’ म्हणतात, कारण मागणी फक्त कायद्यातल्या हक्कांची नव्हती. १९६४ च्या ‘फ्रीडम समर’चे, म्हणजे मिसिसिपीतल्या मतदार नोंदणी मोहिमेचे, कागद मात्र दूर उत्तरेकडे, विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत सापडतात. तिच्या माणसांनी साठच्या दशकातच दक्षिणेत फिरून पेट्या भरून आणल्या होत्या.

रूढ कथेला मूळ कागद कसा छेद देतो, हे अलाबामातील माँटगोमेरीच्या बस बहिष्कारात दिसते. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला न दिल्याने १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झालेल्या रोझा पार्क्स सर्वांना ठाऊक आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यांचे बोटांच्या ठशांचे कार्ड ऑनलाइन ठेवले आहे. ते ज्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ खटल्याच्या कागदांतून आले, त्यात पार्क्स वादी नव्हत्याच. वादी चार वेगळ्या स्त्रिया होत्या. त्यांतली क्लॉडेट कॉल्व्हिन हिला पार्क्सच्या नऊ महिने आधी, वयाच्या पंधराव्या वर्षी, बसमधल्या जागेवरून अटक झाली होती. बसमधला वंशभेद कायद्याने संपला तो याच खटल्यामुळे. पार्क्स यांचे खासगी कागद लायब्ररी ऑफ काँग्रेस या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१६ मध्ये खुले केले : सुमारे ७,५०० हस्तलिखिते आणि २,५०० छायाचित्रे. त्यांत एका पाकिटावर लिहिलेली, शेंगदाण्याचे लोणी घातलेल्या पॅनकेकची कृतीही आहे. पुतळ्यातली बाई इथे स्वयंपाकघरात उभी दिसते.

चलचित्रांत जॉर्जिया विद्यापीठाच्या ‘सिव्हिल राइट्स डिजिटल लायब्ररी’चा आधार मोठा आहे. जॉर्जियातील अटलांटा आणि ऑल्बनी येथील दूरचित्रवाणी केंद्रांचे सुमारे ३० तासांचे बातमीपट तिथे आहेत. पण या क्षेत्रात स्वामित्वहक्काची अडचण पावलोपावली येते. किंग यांच्या १९६३ च्या वॉशिंग्टनमधील भाषणाचे हक्क वारसांकडे आहेत, आणि ते भाषण सार्वजनिक मालमत्ता झालेले नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. ‘आइज ऑन द प्राइझ’ ही चळवळीवरची गाजलेली माहितीपट मालिकाही जुन्या चित्रफितींच्या परवान्यांची मुदत संपल्याने कित्येक वर्षे दाखवता आली नाही. २००६ मध्ये ती पुन्हा लागली. तिच्यासाठी घेतलेल्या मुलाखतींच्या संहिता सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने खुल्या केल्या आहेत. मालिकेत मिनिटभर दिसणारा माणूस तिथे सविस्तर बोलतो. मौखिक इतिहासाचे आणखी एक मोठे काम २००९ च्या कायद्याने लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि स्मिथसोनियन ही संग्रहालय संस्था यांच्याकडे आले. त्यातून शंभराहून अधिक चित्रित मुलाखती जमल्या.

मराठी वाचकाने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट येथील ग्रंथालयातला कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांचा संग्रह अवश्य उघडावा. शोधचौकटीत आंबेडकर हे नाव इंग्रजीत टाकले की १९४६ चे एक छोटे पत्र समोर येते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते. भारतातील अस्पृश्यही त्याच वाटेने जाण्याच्या विचारात असल्याचे सांगून त्यांनी त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या आहेत. द्यू बॉइस यांचे ३१ जुलै १९४६ चे उत्तरही तिथेच आहे. प्रत पाठवण्याचे त्यांनी कबूल केले आणि अस्पृश्यांच्या लढ्याविषयी सहानुभूती कळवली. पुढे १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून.