धोंडो (व्यक्तिनाम)

धोंडो हे मराठी पुरुषनाम आहे. धोंडू, धोंड्या, धोंडिबा, धोंडीराम, धोंडजी, धोंडोपंत ही त्याचीच रूपे. बायकांमध्ये धोंडूबाई, धोंडाबाई, धोंडूताई. नावाचा उगम 'धोंडा' या शब्दात, म्हणजे दगडात आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात हे नाव कोकणात आणि देशावर, भटभिक्षुकांच्या घरी आणि कुणब्यांच्या घरीही सर्रास आढळे. आज पाळण्यात ते जवळजवळ ऐकू येत नाही.

तासून घडवला की दगडाचा चिरा होतो. धोंडा तसा नसतो. शेतात नांगराला अडतो तो धोंडा, ओढ्यात पाण्याने गुळगुळीत झालेला तो धोंडा. कुणी न घडवलेला, कुणाला नको असलेला. भाषेतही त्याला मान नाही. पायावर धोंडा पाडून घ्यायचा असतो, धोंड वाटेत येते, गळ्यात पडते. असा शब्द आईबाप आपल्या तान्ह्या मुलाला नाव म्हणून का देत असतील, याचे उत्तर तेव्हाच्या बालमृत्यूंमध्ये आहे.

पाठोपाठ दोन-तीन मुले दगावलेल्या घरात पुढचे मूल जन्मले की आनंदापेक्षा धास्ती मोठी असे. पाचवीला सटवाईची पूजा व्हायची, दृष्ट काढली जायची, गळ्यात ताईत पडायचा आणि बाराव्या दिवशी नाव ठेवताना मुद्दाम हलके नाव निवडले जायचे. मूल कुणाच्या डोळ्यांत भरू नये, यमाला ते न्यावेसे वाटू नये, हा हेतू. काही घरी नावापुढे जाऊन तो विधीच केला जाई. मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवायचे आणि 'सापडले' म्हणून उचलून आणायचे. शेजारणीच्या ओटीत घालून पसाभर कोंड्याच्या बदल्यात परत विकत घ्यायचे. पाच घरी भीक मागून आणलेल्या चिंध्यांचे अंगडे त्याला घालायचे. मुलगा असला तर नाक टोचून नथ घालायची, म्हणजे नेणाऱ्याला तो मुलगी वाटावा. यातूनच उकिरडा, केरू, केरबा, कचरू, कोंडिबा, भिकू, भिकाजी, नथू, नथुराम अशा नावांची एक मोठी बिरादरी तयार झाली. धोंडो आणि दगडू तिच्यातलेच.

या नावांना 'टाकाऊ नावे' म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. ती टाकून दिलेल्या मुलांची नावे नव्हती. घरातल्या सगळ्यांत जिवापाड जपलेल्या मुलाची होती. 'नकोशी' किंवा 'नकुशा' हे नाव त्यांच्या शेजारी ठेवून पाहावे. तिथे मुलगी खरोखरच नको असे, आणि पुढच्या खेपेला मुलगा व्हावा म्हणून तिला ते नाव मिळे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकुशांनी जाहीर समारंभात नवी नावे घेतली, ते योग्यच झाले. धोंडूच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी होती: तो हवा होता, म्हणूनच नको असल्याचे सोंग.

नावाचे आणखी दोन अर्थ जुन्या माणसांच्या बोलण्यात मिळतात. एक साधा आहे. दगड ऊनपावसाने मरत नाही, तसे मूल टिको. दुसरा देवाचा. गावकुसाबाहेरचा म्हसोबा किंवा एखाद्या मातेचा तांदळा म्हणजे शेंदूर फासलेला, न घडवलेला धोंडाच असतो. त्यामुळे हाक मारणाऱ्याला या नावात हीनपणा आणि देवपण दोन्ही ऐकू येत असणार. अवर्षणात अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून, दारोदार पाणी घेत पोरे 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत फिरतात; तिथेही धोंडी हे देवाला घातलेले साकडेच आहे. अधिक महिन्याला 'धोंड्याचा महिना' म्हणतात आणि त्या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे करून वाढतात. शब्द असा अंगणापासून स्वयंपाकघरापर्यंत वावरत होता, म्हणून नाव म्हणून तो आजच्या इतका खडबडीत वाटत नसे.

रूपांवरून बहुधा घराचा अंदाज येई. 'धोंडो' हा ओकारान्त घाट मोरो, नारो, विसो, दत्तो या नावांच्या पंगतीतला आहे. मोरो त्र्यंबक पिंगळे, नारो शंकर, अण्णाजी दत्तो ही इतिहासातली नावे आठवली की तो ओळखीचा वाटतो. कारकुनी आणि भिक्षुकी घरांत हाच घाट चाले आणि वयाने मोठा झालेला धोंडो 'धोंडोपंत' होई. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे यांचे नाव धोंडोपंतच होते. कुणब्यांच्या घरी धोंडू, घाटावर धोंडिबा. जुन्या कागदांत 'धोंडजी बिन' अशी सुरुवात करून पुढे बापाचे नाव येते.

'धुंडिराज' हे नाव मात्र वेगळ्या मुळाचे आहे, आणि इथे घोटाळा फार होतो. ढुंढिराज हा काशीचा गणपती. त्याचा संबंध 'शोधणे' या अर्थाच्या संस्कृत धातूशी लावतात, दगडाशी नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) हे धुंडिराज गोविंद फाळके; त्यांना धोंडोंच्या यादीत बसवू नये. पण मराठी उच्चारात धुंडिराज सहज 'धोंडिराज' होते, आणि उलट बाजूने एखाद्या धोंडूला सोवळे रूप द्यायचे झाले तर गणपतीचे हे नाव हाताशी होतेच. दोन्ही नावे एकमेकांत मिसळत गेली ती अशी.

नावाच्या इतिहासात जातीचा भाग टाळता येत नाही. शूद्राचे नाव जुगुप्सा वाटेल असे असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. ब्राह्मण घरात धोंडो हे आईबापांनी निवडलेले कवच असे, आणि मोठेपणी त्याला 'पंत' जोडून मानही मिळे. गावकुसाबाहेरच्या धोंड्या-दगड्याला तो मान नव्हता; त्याचे नाव हाकेतच ठेचले जाई. दया पवार (१९३५–१९९६) यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. त्यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात शिकलेला, शहरात आलेला माणूस आणि त्याच्या आतला दगडू समोरासमोर येतात. हलक्या नावाचे ओझे मोठेपणी काय होते, हे त्याहून स्पष्ट मी कुठे वाचलेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद ही नावे आली. तिथे जुन्या नावांचा त्याग ही जाणीवपूर्वक केलेली कृती होती.

इतरत्र नाव ओसरले ते हळूहळू, आणि मुख्य कारण आनंदाचे आहे: मुले जगू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी देशात दर हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास मुले वर्षाच्या आत दगावत. १८९६ नंतरचा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांनी घरेच्या घरे रिकामी केली, देवीची साथ तर नेहमीचीच होती. पुढे लसी आल्या, दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली, १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर हजारी १६ होता. यमाला फसवण्याची गरज उरली नाही, तेव्हा फसवे नावही उरले नाही. शाळेनेही हातभार लावला. मठ्ठ मुलाला 'दगड' म्हणणाऱ्या वर्गात धोंडू नावाच्या मुलाने हजेरीला 'उपस्थित' म्हणणे सोपे नव्हते. मग शाळेत घालतानाच 'ध' कायम ठेवून धनंजय किंवा धनराज लिहिले जाई आणि धोंडू घरच्या हाकेपुरता उरे.

तोपर्यंत या नावाने मोठी माणसे दिली होती. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) यांनी हे नाव मैफिलीच्या पत्रिकेवर अखेरपर्यंत सन्मानाने वागवले. दगडू या जुळ्या नावाला पुण्यातल्या दगडूशेठ हलवाई गणपतीने जिवंत ठेवले आहे. दगडूशेठ यांचा मुलगा प्लेगने गेला आणि त्या दुःखातून गणपतीची ही स्थापना झाली, असे सांगतात.

आज धोंडो शोधायचा तर मधल्या नावात शोधावा. लग्नपत्रिकेत वराच्या नावाखाली बारीक अक्षरांत 'कै. धोंडिबा यांचे नातू' अशी ओळ असते, पुढच्या पिढीत तीच 'पणतू' होते आणि मग पत्रिकेतून निघून जाते. सातबाऱ्यावर वारस लागेपर्यंत तो राहतो. साहित्यात मात्र त्याची जागा पक्की आहे: र. धों. कर्वे, ना. धों. ताम्हनकर, ना. धों. महानोर. यांतले रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) महर्षींचे थोरले चिरंजीव. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. किती मुले व्हावीत हे बाईने ठरवावे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. मुले होत राहत आणि जात राहत त्या काळाचे नाव त्यांच्या सहीत कायमचे राहिले.

मराठीत आद्याक्षर म्हणून पूर्ण अक्षर घेतात, अनुस्वारासकट, म्हणून हे नाव वाचते. रोमी लिपीत तेच 'आर. डी. कर्वे', 'एन. डी. महानोर' होतात, आणि त्या 'डी'मागे दत्तात्रेय असेल, दिनकर असेल, दामोदर असेल. 'धों.' लिहिले की धोंडोच.