ज्वरोद्भव हृदयतालविकृती

ताप किंवा संसर्ग यांच्या निमित्ताने हृदयस्पंदनाचा ताल बिघडणे. तापात नाडी जलद चालते. तपमानातील प्रत्येक अंश सेल्सिअस वाढीला मिनिटामागे सुमारे १० ठोके, असा स्थूल हिशेब रूढ आहे (विषमज्वरात तो बहुधा चुकतो). ही वाढ म्हणजे विकृती नव्हे. निलयातील (हृदयाच्या खालच्या कप्प्यातील) प्राणघातक तालविकृती ही निराळी बाब असून ब्रुगाडा सहलक्षण या हृदयाच्या विद्युत्‌कार्यातील विकारात तापाच्या निमित्ताने ती ठळकपणे आढळते.

पेद्रो व जोसेप ब्रुगाडा या बंधूंनी १९९२ मध्ये आठ रुग्णांच्या आधारे या सहलक्षणाचे वर्णन केले. तत्पूर्वी काही वर्षे इटलीतील पाडुआच्या वैद्यांनी असेच ईसीजी (हृदयाचे विद्युत्‌आलेख) नोंदविले होते. त्यामुळे अग्रमान कोणाचा, हा वाद अधूनमधून उपस्थित होतो. थायलंडमधील ‘लाय ताय’ व फिलिपीन्समधील ‘बांगुंगोत’ ही झोपेतील आकस्मिक मृत्यूंची लोकनामे निदान अंशतः याच विकाराची असावीत.

ईसीजीमध्ये व्ही१ व व्ही२ या लीडमधील (छातीवरील जोडण्यांच्या आलेखातील) एसटी खंड, म्हणजे ठोक्याच्या शिखरानंतरचा रेषेचा भाग, २ मिमी. किंवा अधिक उंचीवरून सुरू होतो आणि बाक घेत उलट्या टी तरंगात उतरतो. तापात उमटलेली ही खूण ताप ओसरताच नाहीशी होऊ शकते, म्हणून नंतर काढलेला निर्दोष आलेख फसवा ठरतो.

कारणमीमांसा विवाद्य आहे. एससीएन५ए या जनुकाचा संबंध १९९८ मध्ये दाखविण्यात आला. त्यातील एका उत्परिवर्तनाने बनलेले सोडियम चॅनेल (सोडियम आयनांना पेशीत शिरू देणारी वाट) तपमान वाढताच नेहमीपेक्षा लवकर निष्क्रिय होते, असे १९९९ मध्ये दिसून आले. मात्र या जनुकातील दोष सुमारे एकपंचमांश रुग्णांतच सापडतो. तेव्हा ही उपपत्ती सर्वांना लागू करता येत नाही. एका मतानुसार मूळ बिघाड पेशींच्या पुनर्ध्रुवीकरणात (ठोक्यानंतर त्यांची विद्युत्‌स्थिती पूर्ववत होण्यात), तर दुसऱ्यानुसार उजव्या निलयाच्या बहिर्मार्गात (रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत) मंदावलेल्या विद्युत्‌वहनात असतो. तेथील बाह्य पृष्ठावरील सदोष ऊतक जाळल्यावर आलेख सुधारतो, हे निरीक्षण दुसऱ्या मताला अधिक पोषक आहे.

दीर्घ क्यूटी सहलक्षणाच्या दुसऱ्या प्रकारातील काही कुटुंबांतही तापाने क्यूटी अंतर (ईसीजीवरील निलयाच्या उद्दीपनापासून ते पूर्ववत होईपर्यंतचा काळ) लांबते. संसर्गावर दिलेले एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिनही ते लांबवू शकते. घटसर्पाचे विष हृद्‌स्नायूंना इजा करून विद्युत्‌वहन रोखते.

ब्रुगाडा रुग्णाला ताप येताच पॅरासिटामॉल देऊन तो उतरवितात व ताप असतानाच ईसीजी काढतात. बेशुद्धी किंवा निलयकंपनाचा (निलयाच्या विस्कळीत, निष्फळ थरथरीचा) पूर्वेतिहास असल्यास छातीत डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन ताल पूर्ववत करणारे उपकरण) बसवितात.