खानेसुमारी आणि खानदेशातील घराणेशोध

खानेसुमारी म्हणजे घरागणिक केलेली मोजदाद. आज तिला जनगणना म्हणतात, जुनी माणसे शिरगणती म्हणत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील शेतकरी घराण्यांचा माग काढताना जुन्या खानेसुमाऱ्यांचा कसा आणि कितपत उपयोग होतो, त्याची ही नोंद.

पहिली गोष्ट अशी की पणजोबाचे नाव जनगणनेत सापडत नाही. मोजणीच्या वेळी भरलेल्या तक्त्यांत नाव, वय, जात, धंदा, मातृभाषा, जन्मस्थान असे सगळे असे. पण बेरजा झाल्या की ते कागद निकालात काढले जात. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने वैयक्तिक नोंदी पाहण्यासही मनाई केली. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी घरोघरचे तक्ते खुले होतात, ते वाचून आपल्याकडेही तसे असेल असे समजून निघालेले अनेक जण इथेच अडतात. हाती राहतो तो गावाचा, तालुक्याचा, जिल्ह्याचा हिशेब. माणसाचे नाव मात्र महसुली दप्तरात शोधावे लागते.

हिशेब वाचायचा तर आधी हद्दी कळल्या पाहिजेत. १८७२, १८८१, १८९१ आणि १९०१ या चारही मोजण्यांत खानदेश हा एकच जिल्हा असून त्याचे ठाणे धुळे. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचा आजचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खानदेशाचा धुळे, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. त्यामुळे चोपडा किंवा रावेरकडच्या घराण्यालाही १९०१ पर्यंतचे आकडे एकत्र खानदेशाच्या खंडांतच पाहावे लागतात. १९०१ ला या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १४ लाख २७ हजार भरली, म्हणजे १८९१ पेक्षा थोडी कमीच. मधल्या दशकाच्या अखेरीस प्लेग आणि १८९९-१९०० चा दुष्काळ येऊन गेला होता. हेच संवत १९५६. ‘छपन्नच्या दुष्काळात आपण या गावी आलो’ अशी आठवण घरात असेल, तर तिची जागा या दोन मोजण्यांच्या मध्ये आहे.

मोजणीचा दिवसही ध्यानात घ्यावा: १७ फेब्रुवारी १८८१, १ मार्च १९०१, २६ फेब्रुवारी १९३१. हे दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, काढणीचे दिवस. त्या काळी ज्या रात्री जो जिथे असेल तिथे तो मोजला जाई. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, मालकाच्या गावात मोजला गेला, मजुरीला गेलेला ज्या गावी मुक्काम त्या गावात. वयांवर तर फारसा भरवसा ठेवूच नये. तीस, चाळीस, पन्नास अशा गोल आकड्यांची गर्दी सगळीकडे दिसते.

गावाच्या नावात हमखास घोटाळा होतो. शहादा तालुक्यात मोहिदे त.श. आणि मोहिदे त.ह. अशी दोन गावे आहेत, त.श. म्हणजे तर्फ शहादा, त.ह. म्हणजे तर्फ हवेली; तर्फ हा जुना महसुली विभाग. जळगावकडे हेच काम ‘प्र.’ म्हणजे प्रगणे हे अक्षर करते, शिवाय बुद्रुक आणि खुर्द आहेतच. ही अक्षरे गाळून नोंद उतरवली की शोध शेजारच्या गावात जातो.

नावांसाठी मुख्य आधार फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचा. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदी सुरू झाल्या, आणि जमीन ज्याच्या नावावर होती तो मेला की वारसांची नोंद होऊ लागली. अशा नोंदीत ‘धोंडू वल्द काळू मयत, वारस मुलगे नथू व सुका, सुका अज्ञान, पालनकर्ती आई’ एवढ्या एका ओळीत तीन पिढ्या सापडतात. कागद बहुधा मोडीत असतो. वल्द किंवा बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको, अज्ञान म्हणजे अल्पवयीन. जुने सर्व्हे नंबर आणि शेतांच्या एकत्रीकरणानंतरचे गट नंबर यांचा मेळ आधी घालून घ्यावा, नाहीतर दुसऱ्याच्याच शेताचा इतिहास लिहून होतो. फेरफाराच्या मागे जायचे तर जमिनीच्या मूळ मोजणीचे कागद लागतात. ही मोजणी लोकांना सहज रुचली नव्हती. १८५२ मध्ये सावद्याला तिच्याविरुद्ध दहा-पंधरा हजार लोक जमले आणि फौज आणावी लागली.

आडनावाचा आधार खानदेशात सर्वांत कच्चा. जुन्या नोंदींत ते बहुधा नसतेच, आणि पुढे आले ते पाटील, चौधरी, महाजन असे हुद्द्याचे. ज्या गावात निम्मी घरे पाटलांची, तिथे बापाचे आणि आज्याचे नाव जुळल्याशिवाय काहीच धरू नये. त्र्यंबकेश्वर व नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, यात्रेला गेलेल्या पूर्वजाने सांगितलेले कूळ आणि मूळ गाव कधीकधी मिळून जाते.

नावांनिशी असलेला जनगणनेचा एक अपवाद म्हणजे १९५१ चे राष्ट्रीय नागरिक रजिस्टर. त्या वर्षीच्या मोजणीच्या चिठ्ठ्यांवरून ते गाववार उतरवले गेले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तपासायच्या कागदांत तेही होते, गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यू नोंदी आणि शाळेचे जनरल रजिस्टरही होते. जातवार आकडे मात्र १९३१ नंतरच्या जनगणनांत पूर्वीसारखे मिळत नाहीत.

बायकांचा माग काढणे सर्वांत अवघड. विधवा ‘कोम’ म्हणून येते, तिचे माहेर येत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वारस नोंदींत मुलींची नावे लागू लागली, काही ठिकाणी सासरच्या गावासह. पण बऱ्याचदा दोन-चार फेरफार पुढे हक्कसोडपत्राची नोंद येते आणि तेच नाव कमी केलेले असते.