जो नियम लिहिलाच गेला नाही: टेक्सासची लॉटरी आणि विधिमंडळाची देखरेख

२२ एप्रिल २०२३ च्या रात्री अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ‘लोट्टो टेक्सास’ची सोडत झाली आणि साडेनऊ कोटी डॉलरचा जॅकपॉट फुटला. हे नशिबाचे काम नव्हते. या खेळात ५४ पैकी ६ आकडे निवडायचे असतात, म्हणजे एकूण २,५८,२७,१६५ जोड्या होतात. तिकिटाची किंमत एक डॉलर. एका गटाने सोडतीच्या आधीच्या अवघ्या काही दिवसांत यातल्या जवळपास सगळ्या जोड्या छापून घेतल्या. बंद पडलेला दातांचा दवाखाना आणि एक गोदाम अशा जागांमध्ये लॉटरीची मशीन मांडली होती आणि माणसे बसून तिकिटांची भेंडोळी बाहेर काढत होती. जादा मशीन खुद्द सरकारी लॉटरी आयोगानेच पुरवली होती. सुमारे अडीच कोटी डॉलर घालून या गटाने ५ कोटी ७८ लाख डॉलर उचलले (हप्त्यांऐवजी एकरकमी रोख घेतली की जॅकपॉटची रक्कम कमी भरते).

हे घडू शकले ते ऑनलाइन विक्रीसाठी उभ्या राहिलेल्या यंत्रणेमुळे. त्या विक्रीबद्दल नियम कोणी करायचे आणि त्यांवर लक्ष कोणी ठेवायचे, हा वाद तेव्हा काही वर्षे धुमसत होता. त्याची मुळे लॉटरीच्या जन्मापर्यंत जातात.

टेक्सासच्या राज्यघटनेत लॉटरीला मनाई होती. नोव्हेंबर १९९१ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्तीला कौल दिला आणि २९ मे १९९२ ला विक्री सुरू झाली. राज्यपाल ॲन रिचर्ड्स यांनी ऑस्टिनजवळच्या एका पशुखाद्याच्या दुकानात पहिले तिकीट घेतले. त्या प्रसंगात कायद्यामागची कल्पना दिसते: आधी दुकान, मग त्यात लॉटरी. केवळ लॉटरीची तिकिटे विकण्याचाच धंदा करणाऱ्याला परवाना द्यायचा नाही, असे कलम कायद्यात होते. तिकीट माणसाने दुकानात जाऊन, पैसे मोजून घ्यावे. फोनवरून खेळता येऊ नये, हीही अपेक्षा होती. १९९३ मध्ये स्वतंत्र लॉटरी आयोग स्थापन झाला आणि तपशिलाचे नियम करण्याचे काम त्याच्याकडे गेले. १९९७ पासून लॉटरीचा नफा शाळांच्या निधीत जाऊ लागला. त्यामुळे लॉटरीला हात लावायचा म्हटले की शाळांचा पैसा आडवा येतो.

टेक्सासमध्ये एखाद्या खात्याला नियम करायचा असेल तर तो आधी राज्याच्या नियम-राजपत्रात छापावा लागतो, लोकांना हरकती-सूचनांसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. प्रस्तावित नियम विधिमंडळाच्या संबंधित स्थायी समितीकडेही जातो. समिती बहुमताने पाठिंबा किंवा विरोध कळवू शकते, पण तिच्या विरोधाने नियम थांबत नाही. आपल्या महाराष्ट्र विधिमंडळातली उपविधान समिती साधारण असेच काम करते, फक्त ती बहुधा नियम झाल्यानंतर तपासते. शिवाय टेक्सासचे विधिमंडळ नियमित अधिवेशनासाठी दोन वर्षांतून एकदाच, विषम सालात, तेही जास्तीत जास्त १४० दिवस भरते. मधल्या दीड वर्षात आयोगाच्या कारभाराकडे रोजच्या रोज पाहणारे कोणी नसते. दुसरे हत्यार म्हणजे १९७७ चा ‘सनसेट’ कायदा: ठरावीक वर्षांनी प्रत्येक खात्याची मुदत संपते आणि विधिमंडळाने ठरवले तरच ते पुढे चालते. २०१३ मध्ये प्रतिनिधीगृहाने (विधिमंडळाचे खालचे सभागृह; वरचे ते सिनेट) लॉटरी आयोग पुढे चालवायला चक्क नकार दिला होता. पण शाळांच्या पैशाचे काय, हा प्रश्न समोर येताच त्याच दिवशी सभागृहाने निर्णय फिरवला.

माझ्या मते खरी फट इथे आहे. ही सारी देखरेख लिहिलेल्या नियमावर चालते. नियमच लिहिला नाही, तर समितीपुढे जाणार काय?

२०१९ च्या सुमारास टेक्सासमध्ये लॉटरीची ‘कुरियर’ ॲप आली. (आपल्याकडे ऑनलाइन लॉटरी म्हणजे बहुधा दुकानातल्या मशीनवर निघणारे तिकीट, इथे ऑनलाइन म्हणजे थेट मोबाइलवर.) गिऱ्हाईक ॲपवर आकडे आणि पैसे देते, कंपनी परवानाधारक दुकानातून तिकीट काढते, त्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवते आणि कागद स्वतःकडे ठेवते. यासाठी ती वर शुल्क घेते. या कंपन्यांनी परवानाधारक दुकानांशी संधान बांधले आणि तिथे मशीनच्या रांगा लागल्या. आयोगाची भूमिका वर्षानुवर्षे एकच: कुरियरवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार कायद्याने आम्हाला दिलेला नाही. त्यामुळे बंदीही नाही आणि परवानाही नाही. विक्री मात्र जोरात. न लिहिलेला तो नियम सर्वांत मोठा ठरला आणि त्यावर एकाही नागरिकाला हरकत नोंदवता आली नाही.

२०२३ च्या अधिवेशनात सिनेटर बॉब हॉल यांनी ऑनलाइन विक्री बंद करणारे विधेयक आणले. सिनेटने ते मंजूर केले, प्रतिनिधीगृहात ते अडकले. एप्रिलची ती सोडत याच अधिवेशनाच्या काळात झाली. पुढल्या फेब्रुवारीत आयोगाचे कार्यकारी संचालक गॅरी ग्रीफ निवृत्त झाले.

१७ फेब्रुवारी २०२५ ला पुन्हा जॅकपॉट लागला, ८ कोटी ३५ लाख डॉलरचा. तिकीट जॅकपॉकेट या ॲपवरून मागवलेले आणि ऑस्टिनमधल्या दुकानात छापलेले. उपराज्यपाल डॅन पॅट्रिक स्वतः कॅमेरा घेऊन त्या दुकानात गेले आणि तिथली मशीन त्यांनी लोकांना दाखवली. राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी टेक्सास रेंजर्सना, म्हणजे राज्याच्या तपास पोलिसांना, चौकशीचा आदेश दिला. मग आयोगाने एकाएकी पवित्रा बदलला: कुरियरवर बंदी घालायचा अधिकार आपल्याला आहे, असे आता त्याचे म्हणणे झाले. जो अधिकार पाच-सहा वर्षे नव्हता तो एका आठवड्यात सापडला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. कायद्यातला शब्दही बदललेला नव्हता. तिकीट घेणाऱ्या महिलेला मात्र बक्षिसासाठी कोर्टात जावे लागले.

फेब्रुवारी संपता संपता सिनेटने ३१ विरुद्ध ० मतांनी बंदीचे विधेयक मंजूर केले. एप्रिलमध्ये नवे कार्यकारी संचालक रायन मिंडेल यांनी राजीनामा दिला आणि महिनाअखेरीस आयोगाने कुरियरबंदीचा नियम रीतसर मंजूर केला. पण विधिमंडळाला आता नियमावर विसंबून राहायचे नव्हते, कारण आज केलेला नियम उद्याचा आयोग बदलू शकतो. म्हणून हॉल यांच्याच आणखी एका विधेयकाने, सिनेट विधेयक ३०७० ने, बंदी थेट कायद्यात घातली, ऑनलाइन वा फोनवरून विक्री हा गुन्हा ठरवला, एका व्यवहारात तिकिटांना १०० ची मर्यादा घातली आणि लॉटरी आयोगच मोडीत काढला. जून २०२५ मध्ये राज्यपालांची सही झाली.

१ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीचा कारभार राज्याच्या परवाना खात्याकडे आहे. न्हावी आणि इलेक्ट्रिशियन यांना परवाने देणारे हेच खाते. लॉटरीचे नियम आता तेच करील. विधिमंडळाचे पुढचे नियमित अधिवेशन जानेवारी २०२७ मध्ये भरेल.