ख्रिस्ती कादंबरी आणि ख्रिस्ती माणसाने लिहिलेली कादंबरी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

नवीन लिहिणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, आणि तो वेळेत सुटला नाही तर दोन-तीन वर्षांची मेहनत वाया जाते म्हणून जरा सविस्तर लिहितेय. बहुतेकांना वाटतं की पुस्तकात येशूचं नाव भरपूर आलं की ते ख्रिस्ती फिक्शन, आणि कमी आलं की साधी कादंबरी. तसं नाहीये.

मेरिलिन रॉबिन्सनची 'गिलियड' घ्या, 2004 ची. एक म्हातारा पाळक आपल्या लहान मुलासाठी पत्र लिहितोय, त्यात बाप्तिस्मा, आशीर्वाद, बायबल सगळं अगदी ओतप्रोत आहे, तरी ती निघाली साध्या साहित्यिक पब्लिशरकडून आणि 2005 मध्ये तिला अमेरिकेतला मोठा साहित्य पुरस्कार, पुलित्झर, मिळाला. उलट बाजूने एस्तेरचं पुस्तक बघा, मूळ हिब्रू मजकुरात देवाचं नाव एकदाही येत नाही आणि तरी ते बायबलमध्येच आहे! त्यामुळे नावं मोजून काही हाती लागत नाही.

फरक आहे तो वाचकाला काय कबूल केलंय त्यात. ज्याला धंद्यात 'ख्रिस्ती फिक्शन' म्हणतात ती मुळात अमेरिकेत उभी राहिलेली एक वेगळी बाजारपेठ आहे. 1950 मध्ये तिथल्या ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांची संघटना निघाली, सीबीए, आणि तिच्यावरून अजूनही लोक 'सीबीए मार्केट' असंच बोलतात. 1979 ला बेथनी हाउसने जॅनेट ओकची 'लव्ह कम्स सॉफ्टली' काढली, ती जोरात खपली आणि मग पब्लिशर लोकांना कळलं की अशा कादंबऱ्यांना मोठा वाचक आहे. आता या मार्केटचे स्वतःचे पब्लिशर आहेत, लेखकांची संघटना आहे, क्रिस्टी नावाचे पुरस्कार आहेत. आणि वाचकाची अपेक्षा ठरलेली आहे: शिव्या नकोत, बेडरूमचं दार लागलं की कॅमेरा बाहेर, गोष्ट कितीही काळोखात गेली तरी शेवटी देवावरचा भरवसा उभा राहिला पाहिजे. काही जण याला सेन्सॉरशिप म्हणतात, मला ते पटत नाही. दिवसभर थकून आलेला माणूस विश्वासाने पुस्तक उघडतो, त्याला दिलेला शब्द आहे तो.

ख्रिस्ती माणसाने लिहिलेल्या कादंबरीत असा शब्द दिलेला नसतो. विश्वास लेखकाच्या नजरेत असतो, तो माणसांकडे कसा बघतो त्यात, पण शेवट कुठे न्यायचा हे आधी ठरलेलं नसतं.

एक प्रसंग घेऊन बघू. एका माणसाला अकरा वर्षांनी भावाचं पत्र आलंय, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात हा भाऊ फिरकलाच नव्हता. पहिल्या प्रकारात तो पाकीट फोडतो, वाचतो, खिडकीशी उभा राहून कसंबसं म्हणतो, "प्रभू, माझ्याने नाही होत, तूच कर," आणि फोन उचलतो. वाचक तीनशे पानं त्या फोनची वाट बघत आलाय, तो फोन झाला नाही तर त्याला फसवल्यासारखं वाटेल आणि त्याचं बरोबरच आहे. इथली खरी कारागिरी आधीच्या पानांत असते, हाच माणूस दोनदा तरी प्रार्थनेला बसून उठून गेलेला दिसला पाहिजे, नाहीतर ती प्रार्थना म्हणजे लेखकाने सोडलेली शिडी वाटते. दुसऱ्या प्रकारात तो पाकीट न फोडता बायबलखाली सरकवतो, हात धुतो, दिवा घालवतो. सकाळी पाकीट फोडलेलं आहे, तो काहीच बोलत नाही, बस. बायबलमध्ये लूक 15 मधला उधळ्या पुत्राचा दृष्टांत असाच थांबतो ना, घर सोडून गेलेला धाकटा परत आल्याची मेजवानी आत चाललीय, थोरला भाऊ रागावून बाहेर उभा, बाप समजावतोय, आणि तो आत गेला की नाही हे येशू सांगतच नाही. म्हणून उघडा शेवट म्हणजे कमी विश्वास असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

प्रवचन मात्र दोन्हीकडे दोषच. पात्राच्या तोंडी अख्खा परिच्छेद वचनं घातली की वाचक ती गाळून पुढे जातो, मनापासून विश्वास ठेवणारा वाचकसुद्धा.

धंद्याच्या बाजूचं थोडक्यात सांगते. एजंट, म्हणजे तुमचं हस्तलिखित पब्लिशरपर्यंत नेणारे लोक, दोन्हीकडचे वेगळे असतात, आणि प्रपोजलमध्ये, म्हणजे त्यांना पाठवायच्या पुस्तकाच्या प्रस्तावात, पहिल्या पानावर कळलं पाहिजे की हे कोणत्या मार्केटसाठी आहे. स्वतः पब्लिश करत असाल तर कॅटेगरी नीट निवडा, बिसॅकमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या विषयांच्या कोडयादीत, 'ख्रिश्चन' आणि 'रिलिजस' हे फिक्शनचे दोन वेगळे कोड आहेत, चुकीचा टाकला की पुस्तक चुकीच्या वाचकासमोर जातं आणि रिव्ह्यूमध्ये राग निघतो. वचनं छापताना भाषांतराचे हक्क बघा, एनआयव्ही या इंग्रजी भाषांतराची 500 वचनांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण बायबलमधलं एखादं पुस्तक पूर्ण घेता येत नाही आणि तुमच्या मजकुरात वचनं 25 टक्क्यांच्या आत हवीत. आणि फक्त ख्रिस्ती दुकानांच्या भरवशावर राहू नका, लाइफवे या अमेरिकेतल्या ख्रिस्ती दुकानांच्या साखळीने 2019 मध्ये आपली सगळी दुकानं बंद करायचं जाहीर केलं, आता हा वाचक बराचसा ऑनलाइनच शोधतो.

माझं पहिलं हस्तलिखित अर्धं इकडचं अर्धं तिकडचं होतं. एका एजंटने दोन ओळींत कळवलं की तुमचा शेवट ख्रिस्ती वाचकाला सोडून दिल्यासारखा वाटेल आणि मधली बाप्तिस्म्याची साक्ष, म्हणजे पात्र आपल्या विश्वासाबद्दल सांगतं तो भाग, बाहेरच्या वाचकाला कळणारच नाही. तेव्हा खूप लागलं होतं, पण बरोबर होतं ते. मग मी ती साक्ष ठेवली, शेवटची चाळीस पानं नव्याने लिहिली, आणि प्रपोजलच्या पहिल्याच ओळीत ख्रिस्ती फिक्शन असं स्पष्ट लिहिलं.